दारापासून पाळण्यापर्यंत

आत्याच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात कडीचा एक स्टीलचा डबा असे. दिवाळीत त्यात अनारसे असत, एवढीच माझी त्याची ओळख. मागच्या खेपेला नाशिकला गेले तेव्हा आत्याने तो डबा माझ्यापुढे सरकवला. "हे तू ने. तुला यातलं कळतं." आत मलमलीच्या दोन पुरचुंड्या होत्या. एकीत आतोबांचा व्हर्नियर कॅलिपर होता, दुसरीत एक लेन्स.

लेन्स लहान होती, कुंकवाच्या करंड्याएवढी. अ‍ॅल्युमिनियमची, हाताला गार, दिसत होती त्यापेक्षा हलकी. काचेत बुरशी नव्हती, ही नाशिकच्या कोरड्या हवेची कृपा. माझ्या ठाण्याच्या घरात ती इतके पावसाळे राहिली असती, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले असते. फोकसची कडी मात्र हलता हलत नव्हती. आतलं ग्रीस पन्नास वर्षांत लाखेसारखं कडक झालं होतं. अंतराच्या आकड्यांवर, २ आणि ३ यांच्या मध्ये, टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. तो मी पाहिला आणि सोडून दिला.

"कॅमेरा कुठाय गं आत्या?"

"तो दुरुस्तीला दिला होता ह्यांनी. दुकानदार म्हणाला, नुसता कॅमेरा आणा, भिंग घरीच ठेवा. मग दुकान बंद झालं. माणूस गाव सोडून गेला. भिंग तेवढं राहिलं."

आतोबा ओझरला होते. १९६४ साली तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि काही वर्षांत तो परिसर एक वेगळंच गाव होऊन गेला. आतोबा इन्स्पेक्शनमध्ये होते. प्रशिक्षणासाठी १९६७ साली काही महिने सोव्हिएत संघात गेले आणि येताना तीन गोष्टी घेऊन आले: एकीच्या पोटातून दुसरी निघणारी लाकडी बाहुली, कधीही चहा न झालेला एक समोवार आणि कॅमेरा. बाहुली आणि समोवार आम्ही सगळ्या भावंडांनी हाताळले. कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे तो कसा दिसायचा हेही मला आठवत नाही. त्या कॅमेऱ्याचं एकच अंग आता माझ्या तळहातावर होतं, आणि ते कशाला जोडायचं हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

रात्री आत्याच्या देवघरातल्या दिव्याजवळ बसून मी पुढच्या कडीवरची अक्षरं वाचायला घेतली. रोमन एन आरशात पाहावा तसं एक अक्षर, मग ५०. पुढे ३, स्वल्पविराम, ५, तिरकी रेघ, पुन्हा ५०. मग ६६ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. एक लाल अक्षर, दाराच्या चौकटीसारखं, दोन खांब आणि वर तुळई. आणि एक चिन्ह: बसका, समलंब आकाराचा लोलक आणि त्यातून आरपार जाणारा किरण.

उलटा एन म्हणजे रशियन लिपीतला 'इ'. इंदुस्तार या नावाचं ते आद्याक्षर. स्वल्पविराम हे त्यांचं दशांशचिन्ह, तेव्हा ३.५ हे सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर आणि ५० मिलिमीटर हे नाभीय अंतर. लोलकाचं चिन्ह मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचं. त्या कारखान्याच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात, म्हणजे ही १९६६ ची. लाल चौकट म्हणजे 'प', 'प्रोस्वेतलेनिये' या शब्दाचं पहिलं अक्षर. काचेवर परावर्तन कमी करणारा लेप दिला आहे, एवढाच त्याचा इथला अर्थ. पण रशियनमध्ये ज्ञानप्राप्तीलाही हाच शब्द आहे, आणि काचेतून जास्त उजेड आत येणं याला त्या भाषेने तोच शब्द वापरावा, हे मला फार आवडलं.

आतली रचना टेसरची. कार्ल झाइस या जर्मन कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ साली आखलेली, चार भिंगं तीन गटांत. इतकी साधी आणि इतकी नेमकी, की पुढे जगभरच्या कारखान्यांनी ती आपापल्या नावाने काढली. इंदुस्तार हे तिचं सोव्हिएत नाव.

एका बैठकीत एवढं हाती लागल्यावर मला वाटलं, झालं. उरले ते मागचे आटे. आतोबांच्याच व्हर्नियरने त्यांचा व्यास मोजला: ३९ मिलिमीटर. ३९चे आटे म्हणजे लायका या जर्मन कॅमेऱ्याचे, हे मला ठाऊक होतं. सोव्हिएत कारखान्यांनी लायकासारखे कॅमेरे काढले, हेही. माझा कॅमेरा सोनीचा, ई माउंटचा, म्हणजे सोनीच्या स्वतःच्या लेन्सजोडणीचा, बिनआरशाचा. लायकाच्या आट्यांचा अ‍ॅडॉप्टर मी मागवला. तो आला, लेन्स सरसर फिरत शेवटपर्यंत बसली, अजिबात न अडखळता. त्याच संध्याकाळी मी तलावपाळीला गेले.

काहीच दिसेना. म्हणजे दिसत होतं सगळं, पण डोळे भरून आल्यावर दिसतं तसं. पाण्यातले दिवे, बोटी, काठावरची माणसं, कशालाच कड नव्हती. घट्ट कडी दोन्ही हातांनी रेटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. अगदी जवळच्या टोकाला धुकं किंचित विरळ व्हायचं, तेवढंच. मला वाटलं, कधीतरी कुणीतरी ही उघडली असणार आणि आतलं एखादं भिंग उलटं बसवलं असणार. आतोबांची वस्तू कुणीतरी बिघडवून ठेवली या विचाराने मी त्या रात्री खरोखर अस्वस्थ होते.

फोर्टातल्या बोराबाजारात जुन्या कॅमेऱ्यांची कामं करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली, उलटी केली, आट्यांवरून अंगठा फिरवला. "ही एन्लार्जरची दिसते, फोटो मोठा करून छापायच्या यंत्राची. ३९चे आटे एन्लार्जरलाच जास्त येतात." मग स्वतःच थबकले. "पण एन्लार्जरच्या लेन्सला अंतराचे आकडे कशाला लिहितील? नाही. ही कॅमेऱ्याचीच." अ‍ॅडॉप्टरसकट माझा कॅमेरा पाहून म्हणाले, "बाई, आटे बसले म्हणजे काम झालं असं नसतं. हिची बैठक कुठली ते शोधा. काच अगदी शाबूत आहे."

ग्रीस बदलून द्यायचं त्यांनी कबूल केलं. लाल ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "हा रंग लागलाय. स्पिरिटने पुसून टाकू?" मी म्हटलं, राहू द्या. का म्हटलं ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

बैठक हा शब्द त्यांनी दिला आणि मला तो कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या शब्दापेक्षा नेमका वाटतो. लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते ती तिची बैठक. तिथून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक घराण्याचं ठरलेलं असतं आणि लेन्स घडवतानाच ते तिच्या अंगात मुरवलेलं असतं. नायकॉनच्या जुन्या एफ माउंटचं ४६.५ मिलिमीटर. कॅननच्या ईएफचं ४४. माझ्या सोनीचं अवघं १८. कडी 'अनंत'वर असताना दूरचा डोंगर नेमका फिल्मच्या पातळीवर स्पष्ट उमटायला लेन्स तिच्या ठरलेल्या अंतरावरच हवी. एखादा मिलिमीटर लांब गेली तर डोंगर हरवतो, जवळचं तेवढं मिळतं. एखादा मिलिमीटर आत सरकली तर तिला जणू अनंताच्या पलीकडचं पाहायला लावलेलं असतं, आणि तिथे पाहण्यासारखं काही नसतं. आटे ही फक्त धरून ठेवायची सोय.

मग ३९चे आटे आणि तरीही वेगळी बैठक, हे कसं? त्यामागची हकीकत मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त भावली.

लायका १९२५ साली बाजारात आला. लेन्स बदलता येण्याची सोय पुढे झाली आणि १९३१ साली बैठकीचं अंतर पक्कं ठरलं, २८.८ मिलिमीटर. लायकात आरसा नाही. वरच्या वेगळ्या खिडकीतून पाहायचं, त्यामुळे लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसू शकते. त्याचीच सोव्हिएत नक्कल १९३४ पासून खारकोव्हला होऊ लागली, तो फेद. युद्धानंतर क्रास्नोगोर्स्कला त्याच वळणाचा झोर्की होऊ लागला. आणि १९५२ साली क्रास्नोगोर्स्कच्याच लोकांनी झोर्कीचं धड घेतलं, त्यात आरसा बसवला, वर लोलक चढवला आणि लेन्समधूनच पाहता येईल असा कॅमेरा केला. त्याचं नाव झेनिट. आता आरसा म्हटला की त्याला वर उचलायला जागा लागते. २४ बाय ३६ मिलिमीटरच्या चौकटीसमोर तिरका उभा असलेला आरसा २८.८ मिलिमीटरात फिरणार नाही. म्हणून लेन्सची बैठक पुढे सरकवली, ४५.२ मिलिमीटरवर. आट्यांचा व्यास मात्र घरचाच ठेवला, ३९.

लायकाचे आटे इंची मापाचे, एका इंचात २६. झेनिटचे मेट्रिक, एक मिलिमीटरचे. फरक प्रत्येक फेऱ्याला मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी. हाताला तो कळत नाही. म्हणून माझी लेन्स लायकाच्या अ‍ॅडॉप्टरवर इतकी निमूट बसली होती, आणि स्वतःच्या जागेपेक्षा १६.४ मिलिमीटर आत बसली होती. उलटा प्रयोग केला, झोर्कीची लेन्स झेनिटवर लावली, तर ती तितकीच बाहेर पडते आणि तिच्यासमोर वीतभर अंतरावर धरलेलं फूल तेवढं स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे नवा माणूस आडनाव सांगतो आणि आपण लगेच विचारतो, कुठले तुम्ही? कुलकर्णी काय, पाटील काय, गाव कळल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. ३९ हे तसलं आडनाव आहे. लायकाची ३९, झेनिटची ३९, एन्लार्जरची ३९. जर्मनीत ब्राउन यांच्या पॅक्सेट कॅमेऱ्याच्या काही प्रकारांचीही ३९च, बैठक ४४ वर. त्यातून इंदुस्तार-५० हे नावसुद्धा दोन्ही घरांत आहे. झोर्कीसाठीही ती निघाली आणि झेनिटसाठीही. नाव तेच, काचा त्याच, अंग मात्र वेगळं. झोर्कीच्या लेन्सला मागे एक सरकती कड असते, कॅमेऱ्यातल्या अंतरमापकाला ढोसणारी, आणि तिचे आकडे १ मीटरवर संपतात. माझ्या लेन्सला मागे तशी कड नव्हती आणि आकडे ०.६५ पर्यंत उतरले होते. हे मी पहिल्या रात्री वाचलं होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता.

तरी खात्री हवी होती. मी आत्याला फोन केला.

"तू कधी त्या कॅमेऱ्यातून पाहिलं होतंस का गं?"

"पाहिलंय की. एकदाच. ह्यांचाच फोटो काढायचा म्हणून मी घेतला हातात. खटका दाबला आणि आत सगळं काळंकुट्ट. मी घाबरले, म्हटलं मोडला. हे हसले. म्हणाले, पट्टी ओढ, उजेड येईल."

या वाक्याने मला जे सांगितलं ते कुठल्याही चिन्हाने सांगितलं नव्हतं. झोर्कीत खटका दाबल्यावर काळोख होण्याचं कारणच नाही, त्यात आरसा नसतो. आणि फोटो काढल्यावर आरसा आपोआप खाली येण्याची सोय झेनिटमध्ये आली ती १९६५ च्या झेनिट-ई पासून. त्याआधीच्या झेनिटमध्ये, १९६२ पासून निघत असलेल्या झेनिट-३एममध्येही, फोटो काढला की आरसा वरच राहतो. पुढच्या फोटोसाठी फिल्म ओढेपर्यंत डोळ्यासमोर काळोख. म्हणजे आत्याने १९६७ नंतर कधीतरी जो कॅमेरा डोळ्याला लावला होता तो आरशाचा होता, जुन्या चालीचा होता, आणि त्याच्या लेन्सची बैठक ४५.२ वर होती. साठ वर्षांपूर्वीची तिची भीती तंतोतंत खरी निघाली.

पुढच्या शनिवारी, ग्रीस बदललेली लेन्स घेऊन मी नाशिकला गेले. आत्याच्या खोलीची एक खिडकी सोडून बाकीचे पडदे ओढले. कडी आडव्या आठावर, म्हणजे 'अनंत'वर, ठेवली. लेन्सचं तोंड खिडकीकडे केलं आणि मागे बटर पेपरचा तुकडा धरून पुढेमागे सरकवू लागले. आधी नुसता उजेडाचा डाग होता. मग एकदम रस्त्यापलीकडची इमारत कागदावर उतरली, उलटी, टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी. गच्चीवरची पाण्याची टाकी खाली, गुलमोहर वर मुळं करून, आणि त्याची पानं वाऱ्याने हलत होती. आत्या चष्मा पुसून जवळ आली. बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "पानं हलतायत गं."

बैठकीपासून कागदापर्यंतचं अंतर व्हर्नियरच्या मागच्या बारीक दांडीने मोजलं. हात थरथरतो, कागद वाकतो. पहिल्यांदा ४४ आलं, मग ४६, मग ४५ आणि थोडं. दशांश हाताने मिळणार नव्हता, पण प्रश्न २८ की ४५ एवढाच होता, आणि त्याला उत्तर मिळालं होतं. ज्यांच्याकडे अशी अनोळखी लेन्स आहे त्यांना मी हेच सांगेन: काही विकत घ्यायच्या आधी एक खिडकी, एक कागद आणि एक फूटपट्टी. अ‍ॅडॉप्टर चुकीचा म्हणून फोटो पुसट येतो, फोटो पुसट म्हणून लेन्स खराब ठरते आणि चांगली काच भंगारात जाते. मीही जवळजवळ तेच करायला निघाले होते.

या प्रकरणानंतर ओळखीची माणसं मला आपापल्या घरातल्या लेन्स दाखवू लागली. कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने फोन केला, ४२ची लेन्स ४२च्या कॅमेऱ्यावर एक फेरा जाऊन अडकते, पक्कड लावू का? मी म्हटलं, मुळीच नको. ४२चे आटे दोन जातींचे आहेत. १९४९ साली काँटॅक्स एस आणि प्राक्टिकाबरोबर आलेले एम४२ हे एक मिलिमीटरचे, बैठक ४५.४६. पुढे पेंटॅक्सनेही तेच घेतले. दुसरे टी-२, पाऊण मिलिमीटरचे, बैठक थेट ५५. जोर लावला तर आटे कापले जातात आणि मग कॅमेराही जातो. शेजाऱ्यांकडे 'जेना' आणि नुसतं 'बी' लिहिलेली लेन्स निघाली. युद्धानंतर झाइस दोन जर्मनींत वाटली गेली, नावांवरून खटले चालले, आणि पूर्वेकडच्या, जेना गावातल्या कारखान्याला काही देशांत टेसर, बायोटार ही आपलीच नावं लिहायची मुभा राहिली नाही. म्हणून 'टी', म्हणून 'बी'. व्हिविटार ही कंपनी तर स्वतः लेन्स घडवतच नसे. तिच्या क्रमांकातले पहिले आकडे खरा कारागीर सांगतात: २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे तोकिना. तेव्हापासून मी लेन्स हातात आली की आधी मागची बाजू पाहते, नाव नंतर.

आता माझ्या लेन्सला तिची जागा करून द्यायची होती. झेनिटही साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एम४२ वर गेला, आणि एम४२ ते सोनी अ‍ॅडॉप्टर कुठेही मिळतो. ३९ आणि ४२ मधली फट भरायला पातळ कडी मिळते. पण ४५.४६ आणि ४५.२ यांत पाव मिलिमीटरचा फरक आहे. वाचताना क्षुल्लक वाटतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला पाव मिलिमीटर पुढे बसवलं, तर 'अनंत'वर ठेवूनही ती दहा मीटरच्या आसपासच पाहते, आणि कडीवरचे सगळे आकडे खोटे होतात. माझ्या अ‍ॅडॉप्टरची जाडी २७.४६ लिहिलेली होती. आतोबांच्या व्हर्नियरने मोजली तर २७.१ भरली. मला हवी होती २७.२, म्हणजे पाव मिलिमीटर जाड असायच्या ऐवजी तो दशांशभर पातळच निघाला. मी कोल्डड्रिंकच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. तो बरोबर ०.१ चा होता. त्याची कडी कातरून बैठकीखाली घातली.

"शिम घातलीस," आत्या म्हणाली. मी तिच्याकडे पाहत राहिले. "अगं, जेवताना दुसरा विषय नसायचा ह्यांचा."

समोरच्या गच्चीवरची टाकी आडव्या आठावर, बरोब्बर त्या रेघेवर, स्वच्छ उमटली. टाकीवर बसलेल्या कावळ्याची चोच दिसत होती. आता कडीवरचा प्रत्येक आकडा खरा होता, १९६६ साली कोरला तेव्हा होता तसा.

मग मी ठिपक्याबद्दल विचारलं.

आत्याने लेन्स हातात घेतली, नखाने ठिपका चाचपला. "हे माझं नेलपॉलिश."

आतेभावाचा जन्म १९६९ चा. ओझरच्या क्वार्टरमध्ये पाळणा आतल्या भिंतीशी असायचा. आतोबांनी ठरवलं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक फोटो, वर्षभर. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल जपून वापरायचे. अडचण एकच होती. दार वाजलं की बाळ जागं व्हायचं, मान वळवायचं, आणि त्या अंधाऱ्या खिडकीतून फोकस जुळेपर्यंत रडायला लागायचं. त्यांना हवा होता तो पहिला क्षण, आवाजाच्या दिशेने मान वळवलेला. म्हणून त्यांनी एकदा टेप लावून उंबऱ्यापासून पाळण्यापर्यंतचं अंतर मोजलं, कडी तिथे आणली आणि आत्याच्या बाटलीतला रंग काडीच्या टोकाने लावला. पुढे पहिल्या तारखेला कामावरून येताना बाहेर ओट्यावरच कडी ठिपक्यावर आणायची, पट्टी ओढायची, दार ढकलायचं आणि खटका दाबायचा.

"मागून पश्चिमेचं ऊन यायचं दारातून," आत्या म्हणाली. "साडेचारच्या सुमाराला."

तिने अल्बम काढला. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले अकरा फोटो. बारावा सासूबाईंना गावी पाठवला होता. प्रत्येकात तोच पाळणा, त्याच जागी, तेवढाच मोठा. पाळण्याच्या लाकडी गजांवरची नक्षी मोजता येईल इतकी स्पष्ट आहे, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पुसट. आतलं पोर मात्र महिन्यामहिन्याने मोठं होत जातं, आणि प्रत्येक वेळी नुकतंच दाराकडे वळून पाहत असतं. सातव्या फोटोत ते गजाला धरून उठून बसलेलं आहे. दाराच्या बाजूने एक लांब सावली जमिनीवरून पाळण्याच्या पायापर्यंत आलेली आहे, कॅमेरा धरलेल्या दोन कोपरांसकट. आतोबांचा त्या वर्षातला दुसरा फोटो नाही.

मी कडी ठिपक्यावर आणली. आत्या पलंगाच्या कडेला बसली. अ‍ॅपर्चर ३.५ वर ठेवलं आणि कडीला हात न लावता मी मागे सरकू लागले. स्क्रीनवर आधी तिचा पदर स्पष्ट झाला, मग हात, मग एका पावलात डोळे. तिथे थांबले. फोटो काढला. मग तिच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं माझ्या पायाशी आणलं.

"किती?"

"दोन मीटर चव्वेचाळीस."

"फुटांत सांग."

टेप उलटी करून पाहिली. "आठ."

आत्याने मान हलवली. "पलीकडे ह्यांची खुर्ची होती," ती म्हणाली आणि टेपचं टोक तसंच धरून बसली.